झोपेत दात खाणं आणि दिवसा जबडा आवळणं: ओळखायचं कसं, आवरायचं कसं

झोपेत दात खाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तो ऐकू येतो शेजारी झोपलेल्या बायकोला, नवऱ्याला, होस्टेलमधल्या रूममेटला, नाहीतर लग्नघरात दाटीवाटीनं झोपलेल्या मामेभावाला. सकाळी चहाच्या वेळी कुणीतरी म्हणतं, "काय रे, रात्रभर करकर दात खात होतास!" सगळे हसतात आणि विषय तिथेच संपतो. पुढे कधीतरी दाढेची कॅप तुटते, भरलेलं सिमेंट दोनदा निघून येतं. मग डेंटिस्ट विचारतात, "दात खाता का?" आणि पेशंट मनापासून सांगतो, "छे, अजिबात नाही."

दिवसा जबडा आवळणाऱ्याचं तर आणखी अवघड. तिथे आवाजच होत नाही, त्यामुळे सांगणारंही कुणी नसतं.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. दिवसाचं आवळणं ही सवय आहे आणि ती चिकाटीनं मोडता येते. रात्रीचं दात खाणं झोपेत स्नायूंकडून होतं; तिथे निश्चय चालत नाही, फक्त ते वाढवणारी कारणं कमी करता येतात आणि दात वाचवता येतात. बरेच लोक रात्रीसाठी महागडा नाइटगार्ड (झोपताना दातांवर घालायचं संरक्षक कवच) करून घेतात आणि दिवसभर लॅपटॉपसमोर दाढा आवळून बसतात. मग तक्रार असते, की गार्डचा काही उपयोग झाला नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी आपलं दात खाणं दिवसाचं, रात्रीचं की दोन्हीचं, एवढं तरी नक्की करून घ्या.

दात एकमेकांना लागायला हवेत तरी किती वेळ?

जेवताना चावणं आणि आवंढा गिळणं, यात वरचे-खालचे दात एकमेकांना लागतात तो वेळ सगळा मिळून दिवसाला साधारण 20 मिनिटांच्या आसपास भरतो. उरलेल्या वेळात ओठ मिटलेले, पण दात सुटे असायला हवेत. दाढांमध्ये 2 ते 4 मिलिमीटरची फट, जीभ टाळूला हलकी टेकलेली, गाल सैल. "तोंड मिटलं म्हणजे दातही मिटले" असं बऱ्याच जणांना वाटतं आणि गडबड तिथूनच सुरू होते. जोरात आवळायलाच हवं असंही नाही. दात नुसते एकमेकांवर टेकवून तासन्‌तास बसलं तरी जबड्याचे स्नायू काम करत राहतात. काही जण दात टेकवतही नाहीत, फक्त जबडा ताठ धरून ठेवतात. तोही याच सवयीचा भाग.

रात्री वेगळं घडतं. आपली झोप रात्रभर सारख्याच खोलीची नसते. मेंदू मधूनमधून काही सेकंद जागेपणाकडे सरकतो आणि परत झोपेत जातो. अशा क्षणी आधी हृदयाचे ठोके वाढतात, मग जबड्याचे स्नायू लयीत आकुंचन पावतात आणि दात एकमेकांवर घासले जातात. हे बहुतेक वेळा हलक्या झोपेत होतं. विशेष म्हणजे दात न खाणाऱ्या निरोगी माणसांपैकीही निम्म्याहून जास्त जणांमध्ये झोपेत जबड्याची अशी लयबद्ध हालचाल दिसते; दात खाणाऱ्यांमध्ये ती जास्त वेळा आणि जास्त जोरात होते. म्हणूनच 2018 मध्ये या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं स्पष्ट केलं, की एरवी निरोगी असलेल्या माणसात याला सरसकट आजार म्हणू नये. दुखत नसेल, दात झिजत नसतील आणि शेजारच्याची झोप मोडत नसेल, तर काहीच न करणं हाही योग्य निर्णय ठरू शकतो.

पहिली पायरी: पंधरा दिवसांची वही

एक साधी वही घ्या, नाहीतर फोनवर नोंद ठेवा. दिवसातून तीनदा लिहायचं: उठल्याउठल्या, दुपारच्या जेवणाआधी आणि झोपताना. जबडा, कानशिलं, दात आणि मान यांतलं काय दुखतंय, आणि शून्य ते दहात किती. पुढे दोन शब्द दिवसाबद्दल: ऑफिसात काय चाललंय, चहा-कॉफी किती, दारू घेतली का, झोप कशी लागली.

सकाळी जबडा आखडलेला, कानशिलं ठणकतायत आणि तास-दोन तासांत सगळं ओसरतंय, तर रात्रीचा संशय घ्या. सकाळी ठीक, पण संध्याकाळी गाल जड आणि डोकं आवळल्यासारखं, तर बहुधा दिवसाचं. दोन्ही असू शकतं. अशा वेळी दिवसाच्या सवयीपासून सुरुवात करावी, कारण ती आपल्या हातात आहे.

शेजारी झोपणाऱ्याला नेमके प्रश्न विचारा. करकर आवाज येतो का? घोरणं आहे का? घोरता घोरता श्वास थांबून मग दचकल्यासारखा परत सुरू होतो का? यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, का ते पुढे येईलच. एकटे राहत असाल तर उशाशी फोन ठेवून काही रात्री रेकॉर्डिंग करता येतं. मात्र पंख्याच्या घरघरीत बारीक आवाज बुडतो, आणि न घासता नुसतं आवळलं तर आवाजच होत नाही. त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

दुसरी पायरी: आरसा आणि दोन बोटं

उजेडात आरशासमोर उभे राहा. बोटं कानासमोर, गालफडाच्या मागच्या भागावर ठेवा आणि दाढा आवळा. जो स्नायू टणक होऊन वर येतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. तसंच कानशिलावर बोटं ठेवूनही पाहा. आता जबडा सैल सोडून त्याच जागा हलक्या हातानं दाबा. रोज आवळणाऱ्याला इथे दुखतं. वर्षानुवर्षं सवय असेल तर हा स्नायू व्यायामानं दंड भरावा तसा भरतो आणि चेहरा खालून चौकोनी दिसू लागतो.

मग तोंड उघडून पाहा. जिभेच्या कडांवर दातांचे खाचखळगे उमटलेत का? गालाच्या आतून, दातांच्या रेषेत, पांढरी आडवी रेघ आहे का? सुळ्यांची टोकं सपाट झालीत का? पुढच्या दातांच्या कडा तुटक, पारदर्शक दिसतात का? गार पाणी लागलं की दात शिवशिवतात का? दाढेच्या उंचवट्यावर एनॅमलचा थर जेमतेम 2 ते अडीच मिलिमीटर असतो आणि तो एकदा गेला की परत येत नाही.

मात्र झीज दिसली म्हणजे दात खाण्यामुळेच झाली, असं नाही. आपल्याकडे दात झिजवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. रोजचं लिंबूपाणी, सतत घोट घोट पीत राहिलेलं कोल्ड्रिंक, घशाशी येणारं आम्लपित्त यांनी दात विरघळतात; तिथे दाढेवर गुळगुळीत, बशीसारखे खळगे पडतात. घासून झिजलेला भाग सपाट, चकचकीत असतो आणि खालचा जबडा थोडा सरकवला की वरच्या-खालच्या अशा जागा एकमेकींवर बरोबर बसतात. मिश्री लावणाऱ्या बायकांचे दात बाहेरच्या बाजूनं आणि हिरडीजवळ झिजतात. कडक ब्रश आडवा घासणाऱ्यांचेही तसेच. रोज सुपारी चघळणाऱ्याच्या दाढा तर सुपारीच झिजवते. शिवाय झीज पाच वर्षांपूर्वीची असू शकते. आज तुम्ही दात खाताय की नाही, हे तिच्यावरून ठरत नाही.

गुटखा-सुपारीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट ठासून सांगतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. गुटखा, मावा, खर्रा किंवा सुपारी खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडू लागलं, तिखट लागलं की आग होऊ लागली, गालाची आतली कातडी पांढुरकी आणि ताठ झाली, तर ते दात खाणं नव्हे. तो ओरल सबम्यूकस फायब्रोसिस असू शकतो आणि त्यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. स्वतःची मधली तीन बोटं एकावर एक अशी उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर मालिश, शेक वगैरे बाजूला ठेवून थेट डेंटिस्टकडे जा.

तिसरी पायरी: आधी काय वगळायचं

जबडा दुखण्याची सगळी कारणं निरुपद्रवी नसतात. पुढच्या गोष्टींमध्ये हा लेख वाचत बसू नका.

चालताना किंवा जिना चढताना जबड्यात दुखतं, सोबत छातीत दाटतं, घाम फुटतो, डावा हात भरून येतो: हृदयविकाराचा झटका असू शकतो, लगेच इस्पितळ गाठा. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नव्यानं कानशिलात डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, चावताना जबडा थकून थांबावं लागणं आणि दृष्टीत फरक: त्याच दिवशी डॉक्टर, कारण रक्तवाहिनीच्या सुजेमुळे दृष्टी कायमची जाऊ शकते. जखमेनंतर काही दिवसांत जबडा घट्ट मिटू लागला तर धनुर्वात असू शकतो. जांभई देताना उघडलेलं तोंड मिटतच नाही, तर सांधा निखळला आहे. घरच्या घरी ओढाताण करू नका. गालात विजेसारखी सेकंदभराची तीव्र कळ, तीही वारं लागल्यानं किंवा दात घासल्यानं, ही नसेची तक्रार असू शकते. एकच दात ठणकतोय, रात्री झोपू देत नाही, तर आधी त्या दाताची कीड बघावी.

जबड्याच्या सांध्यात नुसता ‘कट्’ आवाज येतो, पण दुखत नाही आणि तोंड नीट उघडतं, तर त्याला सहसा काही करावं लागत नाही. लोक त्या आवाजालाच फार घाबरतात.

चौथी पायरी: दिवसाची सवय मोडणं

माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत कामाचा भाग हाच आहे, आणि याला एक पैसा लागत नाही. कदाचित म्हणूनच तो कुणी गंभीरपणे करत नाही.

आधी विश्रांतीची स्थिती शिकून घ्या. ओठ मिटून लांब ‘म्म्म’ म्हणा. ओठ मिटलेले राहतात, दात सुटे होतात. आता ‘न’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे जिथे टेकतं, तिथे ते हलकेच राहू द्या. खांदे खाली सोडा आणि नाकानं सावकाश श्वास बाहेर टाका. ही झाली मुक्कामाची जागा. दात सुटे ठेवायचे म्हणून जबडा मुद्दाम उघडा धरून ठेवू नका. तसं केलं तर दुसरे स्नायू ताणले जातात.

पुढचं काम म्हणजे सवय पकडणं. इथे आठवणीवर विसंबून चालत नाही, कारण आवळणं होतं तेच मुळी आपलं लक्ष दुसरीकडे असताना. घरात टिकल्यांचं पाकीट असतंच. एकेक टिकली लॅपटॉपच्या कोपऱ्यावर, फोनच्या मागे, स्वयंपाकघरातल्या ओट्यासमोरच्या टाइलवर, गाडीच्या स्पीडोमीटरपाशी लावा. टिकली दिसली की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: दात कुठे आहेत? लागलेले असतील तर ‘म्म्म’, ‘न’, एक लांब श्वास, आणि कामाला लागायचं. स्वतःवर चिडायचं नाही. चिडलं की जबडा परत आवळतोच. दर आठवड्याला टिकल्यांच्या जागा बदला, नाहीतर त्या डोळ्यांच्या सरावाच्या होतात आणि दिसेनाशा होतात. टिकल्या नको असतील तर फोनवर तासातासाला कंपनाची आठवण लावता येते. मीटिंगमध्ये फोन सतत थरथरलेला कुणाला आवडत नाही, म्हणून मला टिकलीच बरी वाटते.

या तपासणीत तुमच्या खास वेळा सापडतील. प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. कुणी एक्सेलची शीट भरताना आवळतं, कुणी सुईत दोरा ओवताना, कुणी दुचाकीवरून खड्डे चुकवताना हेल्मेटच्या आत, कुणी जिममध्ये वजन उचलताना, कुणी मुलांचा अभ्यास घेताना. फोनवर बातम्या वाचत लोळणं हीसुद्धा एक मोठी वेळ, आणि ती विश्रांती समजली जाते. आपल्या दोन-तीन वेळा वहीत लिहून ठेवा आणि त्या कामाला हात घालण्याआधीच जबडा सैल करून घ्या. आवळल्यावर सोडण्यापेक्षा आवळण्याआधी सोडणं सोपं जातं.

पहिल्या आठवड्यात वाटेल, की आपलं आवळणं वाढलंय. ते वाढलेलं नसतं, आता दिसू लागलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून टिकली दिसेपर्यंत दात आधीच सुटे आहेत, असं जास्त वेळा होऊ लागतं. पक्की सवय बसायला काही महिने लागतात. परीक्षेचे दिवस, मार्चअखेर, घरातलं आजारपण अशा काळात ती परत डोकं वर काढते. तेव्हा टिकल्या पुन्हा लावायच्या.

ताणाबद्दल सांगायचं तर, दिवसाच्या आवळण्याचा काळजीशी आणि ताणाशी संबंध बराच स्पष्ट आहे. पण "टेन्शन घेऊ नका" या सल्ल्यानं आजवर कुणाचं टेन्शन कमी झालेलं नाही. रोज अर्धा तास चालणं, योगनिद्रा, जमतील तसे दीर्घ श्वास यांचा उपयोग होतो. काळजी इतकी असेल की झोप आणि कामं बिघडतायत, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं हा जबड्याचाच उपचार समजा.

पाचवी पायरी: दुखऱ्या स्नायूंना आराम

कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल गालफडावर आणि कानशिलावर 10 ते 15 मिनिटं, दिवसातून दोनदा. त्यानंतर तीन बोटांनी गोल गोल हलका मसाज, एकेका बाजूला मिनिट-दोन मिनिटं. मग जिभेचं टोक टाळूला टेकवून ठेवत, दुखणार नाही इतपतच तोंड सावकाश उघडा आणि मिटा, पाच-सहा वेळा. जीभ टाळूला असली की तोंड गरजेपेक्षा जास्त उघडत नाही. जबडा ओढून ‘मोकळा’ करण्याच्या फंदात पडू नका.

दुखणं जोरात असेल त्या काही दिवसांत ऊस, चिक्की, फुटाणे, खारीक, कडक झालेली भाकरी आणि च्युइंगम बंद. मऊ भात, खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी चालेल. काही जण "जबड्याचा व्यायाम" म्हणून च्युइंगम खातात. आधीच थकलेल्या स्नायूला ते जास्तीचं काम होतं. जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरा. फोन खांदा आणि कानात दाबून बोलणं, पेन किंवा नखं कुरतडणं, दातांनी पिशव्या आणि बाटल्या उघडणं सोडा. पालथं झोपलं की जबड्यावर एका बाजूनं दाब येतो. पाठीवर किंवा कुशीवर झोपा, मात्र घोरण्याचा त्रास असेल तर कुशीच बरी.

सहावी पायरी: रात्रीला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी

कॅफिन, दारू आणि तंबाखू या तिन्हींचा रात्रीच्या दात खाण्याशी संबंध दिसून आला आहे. घेतलेल्या कॅफिनचं प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सातचा कडक चहा मध्यरात्रीही अंगात असतो. दुपारी तीन-चारनंतर चहा-कॉफी थांबवून पंधरा दिवस वहीत फरक बघा. दारूनं झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुटत राहते आणि दात खाण्याला तुटक झोपच लागते.

घोरणं आणि श्वास अडखळणं हा सर्वांत दुर्लक्षित भाग. घोरता घोरता श्वास थांबणं, सकाळी तोंड कोरडं पडणं आणि डोकं जड असणं, दिवसा बसल्या जागी पेंग येणं, जाड मान, न आटोपणारं ब्लडप्रेशर यांतलं काही असेल, तर स्लीप अ‍ॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजाराची, तपासणी करून घ्या. दात खाणं आणि अ‍ॅप्निया एकाच माणसात बऱ्याचदा सोबत आढळतात. अशा पेशंटला वरच्या दातांचा साधा नाइटगार्ड लावला तर काहींचं अडखळणं वाढू शकतं. म्हणजे इथे आधी श्वास, मग दात. घशाशी आंबट येत असेल तर झोपण्याआधी तीन तास जेवण संपवा आणि त्या तक्रारीचा उपचार घ्या.

औषधांचाही विचार करा. नैराश्य आणि चिंतेसाठी दिली जाणारी फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन यांसारखी औषधं सुरू केल्यावर किंवा त्यांचा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत काही जण दात खाऊ लागतात. एकाग्रतेसाठी दिल्या जाणाऱ्या उत्तेजक औषधांनीही असं होतं. औषध सुरू झाल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख वहीत शेजारी शेजारी मांडा आणि ज्यांनी औषध दिलं त्यांना दाखवा. डोस, वेळ किंवा औषध बदलून मार्ग काढता येतो. स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. अचानक थांबवण्याचे परिणाम दात झिजण्यापेक्षा वाईट असू शकतात.

सातवी पायरी: डेंटिस्टकडे

वही सोबत न्या. पोलिसोम्नोग्राफी नावाच्या रात्रभराच्या झोप-तपासणीशिवाय रात्रीचं दात खाणं शंभर टक्के सिद्ध होत नाही. पण प्रत्येकाला ती लागत नाही. घोरणं-अडखळणं असेल तर मात्र लागते. बाकीच्यांसाठी तुमची हकिगत आणि तोंडातल्या खुणा पुरेशा ठरतात.

नाइटगार्ड, म्हणजेच स्प्लिंट, दात खाणं थांबवत नाही. दाताची व्हायची ती झीज गार्डची होते, हाच त्याचा मुख्य उपयोग, आणि तो छोटा नाही. टिकाऊ पर्याय म्हणजे कडक अ‍ॅक्रिलिकचा, एका जबड्याचे सगळे दात झाकणारा, तुमच्या दातांचं माप घेऊन बनवलेला. मऊ रबरी गार्ड स्वस्त आणि घालायला सुखाचा, पण काही जण तो च्युइंगमसारखा जास्तच चावतात आणि तो लवकर फाटतो. ऑनलाइन मिळणारे गरम पाण्यात बुडवून चावायचे गार्ड फार तर तात्पुरते. फक्त पुढचे चार-सहा दात झाकणारा गार्ड देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने वापरला, तर दात जागचे हलून मागच्या-पुढच्या दातांची बैठक बिघडू शकते.

गार्ड बसवल्यावर काम संपत नाही. पहिल्या काही रात्री लाळ जास्त सुटते, तो झोपेत काढून टाकला जातो. आठ-दहा दिवसांत सवय होते. उंचसखल भाग घासून समतोल करायला परत बोलावतात, ती भेट टाळू नका. सकाळी गार्ड काढल्यावर काही मिनिटं दात ‘वेगळेच’ लागतात, ते चालतं. दुपारपर्यंत तसंच राहत असेल तर दाखवा. रोज साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुवा. गरम पाण्यानं त्याचा आकार बिघडतो, पेस्टनं ओरखडे पडतात. भोकं असलेल्या डबीत ठेवा. टिश्यूत गुंडाळून ठेवलेले गार्ड हमखास कचऱ्यात जातात, आणि घरात कुत्रा असेल तर त्याला गार्ड चावायला फार आवडतो.

खर्चाची अडचण असेल तर सरकारी दंत महाविद्यालयांचा विचार करा: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं. तिथे प्रोस्थोडॉन्टिक्स (कृत्रिम दात आणि कवळ्यांच्या) विभागात स्प्लिंट बनवतात. फेऱ्या जास्त होतात, वेळ लागतो, पण खर्च बराच कमी येतो.

आता कशाला घाई करायची नाही, ते. दात वेडेवाकडे आहेत किंवा चावा जुळत नाही म्हणून माणूस दात खातो, ही जुनी समजूत संशोधनात टिकलेली नाही. त्यामुळे "दात तासून चावा जुळवू, मग थांबेल" किंवा "सगळ्या दातांना कॅप घालू, मग थांबेल" असं कुणी सांगितलं तर दुसरा सल्ला घ्या. तासलेला दात परत येत नाही. नुकतीच भरलेली एखादी दाढ उंच लागत असेल, तर ती समतल करणं योग्यच. ती वेगळी गोष्ट. फार झिजलेल्या दातांना कॅप लागतातही, पण झीज भरून काढण्यासाठी. दात खाणं त्यांनी थांबत नाही. इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेला कृत्रिम दात) करायचं असेल तर दात खाता हे आधी सांगा, कारण त्यानं स्क्रू सैल होणं, कॅपचा टवका उडणं असे प्रकार वाढतात.

बोटॉक्सच्या इंजेक्शनची जाहिरात हल्ली खूप दिसते. गालाच्या स्नायूत दिल्यावर आवळण्याची ताकद कमी होते आणि काहींना दुखण्यातही आराम पडतो. मात्र आकुंचनं थांबत नाहीत, ती दुबळी होतात. असर तीन-चार महिन्यांत, काहींचा थोड्या जास्त काळानं, ओसरतो. चावण्याची ताकद कमी होणं, हसू थोडं बदलणं असेही परिणाम होतात. बाकी सगळं करून दुखणं उरलं, तर जाणकाराकडून घ्यावं. सुरुवात तिथून करू नये. झोपेच्या गोळ्या किंवा स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या मेडिकलमधून आणून तर कधीच घेऊ नयेत. अ‍ॅप्निया असेल तर त्या धोकादायक ठरू शकतात.

लहान मुलं आणि जंतांची गोष्ट

"रात्री दात खातोय म्हणजे पोटात जंत झालेत," हे आजीनं सांगितलं नाही असं मराठी घर विरळा. जंत आणि दात खाणं यांचं कार्यकारण नातं पक्कं सिद्ध झालेलं नाही. शाळा-अंगणवाडीत 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट या राष्ट्रीय जंतनाशक दिनांच्या सुमारास 1 ते 19 वयोगटाला अल्बेंडाझोल दिलं जातं, ते मुलांनी जरूर घ्यावं. जंतांमुळे रक्त आणि वाढ दोन्ही मार खातात. पण त्या गोळीनंतरही मूल दात खात राहिलं, तर परत परत गोळ्या देऊ नका.

मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये दात खाणं जास्त असतं, आणि वयात येईपर्यंत बहुतेकांचं आपोआप कमी होतं. दुधाचे दात थोडे झिजले तरी ते पडणारच असतात. जबडा वाढत असताना गार्ड सहसा देत नाहीत. रागावून, झोपेतून उठवून काही होत नाही. मुलाला त्याची जाणीवच नसते. झोपण्याआधीचा तासभर टीव्ही-मोबाइल बंद आणि झोपेची वेळ ठरलेली, एवढं पुरतं. मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, झोपेत खूप घामाघूम होत असेल किंवा दिवसा चिडचिडं आणि पेंगुळलेलं असेल, तर टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड वाढले आहेत का ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. सकाळी उठल्यावर "गाल दुखतो" म्हणत असेल किंवा पक्क्या दातांवर झीज दिसत असेल, तर बालदंतरोगतज्ज्ञांकडे न्या.